‘या वयात मुरूम?’ : वाचकांच्या पत्रांना उत्तरं

पाळी जाण्याच्या काळात त्वचेचं काय होतं यावर पत्रं पाठवा, असं मागच्या अंकात लिहिलं होतं. गठ्ठाभर पत्रं आली. त्यातल्या निम्म्याहून जास्त पत्रांची सुरुवात एकच : ‘डॉक्टर, प्रश्न तसा किरकोळ आहे.’ सोलापुरात माझी ओपीडी सुरू होऊन २७ वर्षं झाली. तिथेही बायका हेच म्हणतात, आणि तेही नवऱ्याचं गजकर्ण, मुलाचा कोंडा असं सगळं दाखवून झाल्यावर, दाराशी पोचता पोचता. पदर हनुवटीवर धरून. रोज सकाळी आरशात जे बघावं लागतं ते किरकोळ कसं असेल? तेव्हा या वेळी सगळी जागा तुमच्याच पत्रांना.

प्रश्न : मी ४८ वर्षांची, माध्यमिक शाळेत शिक्षिका. वर्षभरापासून पाळीचं वेळापत्रक बिघडलंय. कधी पंधरा दिवसांत येते, कधी दोन-दोन महिने नाही. आणि आता हनुवटीवर, जबड्याच्या कडेला मोठ्या दुखऱ्या पुटकुळ्या येतात. सोळाव्या वर्षी मला एक मुरूम आला नव्हता. गालांची मात्र साल निघते. मुलीचा फेसवॉश दिवसातून तीनदा लावते, लिंबू-बेसन झालं, टूथपेस्ट लावून झोपले. स्टाफरूममध्ये एकीने विचारलं, ‘मॅडम, पोट साफ होत नाही का?’ फार लागलं मनाला. हे नक्की काय आहे? – एक शिक्षिका, बार्शी

उत्तर : ताई, आधी पोटाचं. पोट साफ न होण्याचा आणि मुरमांचा काही संबंध नाही. त्या बाईंनी मायेने विचारलं असेल, पण तुम्ही ते मनातून काढून टाका.

तुमच्या पत्रात उत्तर अर्धं आलंच आहे : पाळीचं वेळापत्रक बिघडलंय. आपल्याकडे पाळी साधारण ४६-४७व्या वर्षी जाते, आणि त्याच्या आधीची चार-पाच वर्षं ही अशी धरसोडीची असतात. अंडाशयातून येणारं इस्ट्रोजेन हे हार्मोन या काळात वर-खाली होत होत उतरत जातं. ज्यांना आपण पुरुषी हार्मोन म्हणतो ती बाईच्या अंगात पहिल्यापासून थोडी असतातच, आणि ती उतरतात फार सावकाश. त्यात आणखी एक गोष्ट होते. त्या पुरुषी हार्मोनांपैकी टेस्टोस्टेरॉनला रक्तात धरून ठेवणारं एक प्रथिन यकृतात तयार होतं. इस्ट्रोजेन भरपूर असतं तेव्हा ते जास्त बनतं, इस्ट्रोजेन घटलं की तेही घटतं. म्हणजे टेस्टोस्टेरॉन वाढलेलं नसतं, पण मोकळं सुटलेलं असतं. ते जाऊन तेलाच्या ग्रंथींना डिवचतं, आणि या डिवचण्याला हनुवटी आणि जबड्याची कड लगेच दाद देते. म्हणून तुमच्या पुटकुळ्या नेमक्या तिथे आहेत. रक्ततपासणी केलीत तर बहुतेक सगळं ‘नॉर्मल’ येईल. त्यामुळे गोंधळू नका.

आता गालांची साल. तेही इस्ट्रोजेनचंच. त्वचेत ओलावा धरून ठेवणं, तिची जाडी राखणं, तिला घट्ट ठेवणारं कोलॅजेन नावाचं प्रथिन टिकवणं या सगळ्यात त्याचा हात असतो. पाळी गेल्यावरच्या पहिल्या पाच वर्षांत त्वचेतलं कोलॅजेन जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी होतं. म्हणजे एकाच चेहऱ्यावर जबडा सोळा वर्षांच्या मुलीसारखा वागतो आणि गाल साठीच्या बाईसारखे. मुलीचा फेसवॉश तुमच्या मुलीसाठी ठीक आहे; तिची कातडी जाड आणि तेलकट आहे. तुमच्या चेहऱ्यावर तोच दिवसातून तीनदा म्हणजे उरलंसुरलं तेल धुऊन टाकणं. मग कातडी चिडते, लाल होते, आणि चिडलेल्या कातडीवर पुटकुळ्या आणखी फुलतात. लिंबू तर आजपासून बंद. लिंबाचा रस लावून उन्हात गेलात तर भाजल्यासारखे काळे चट्टे उठतात; शाळेच्या मैदानावर प्रार्थनेला उभं राहणं एवढंही पुरतं. टूथपेस्टने मुरूम वाळत नाही, भोवतीची कातडी पोळते.

मला स्वतःला ४९व्या वर्षी हनुवटीच्या बरोबर मधोमध तुरीच्या दाण्याएवढी गाठ आली होती. आत खोल, तोंड नसलेली, स्पर्श झाला तरी कळ यायची. रोज दहा जणींना ‘दाबू नका’ सांगणारी मी, माझा हात दिवसातून वीस वेळा तिकडे जायचा. तेव्हा तुम्हाला ‘दाबू नका’ सांगताना ते किती अवघड आहे हे मला माहीत आहे. तरीही दाबू नका. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीवर मुरूम आठ दिवसांत जातो, पण दाबलेल्या मुरमाचा काळा डाग आठ महिने राहतो, आणि या वयात तर तो आणखी रेंगाळतो. फार दुखत असेल तर स्वच्छ रुमालात बर्फ गुंडाळून दोन-तीन मिनिटं धरा.

मग करायचं काय? सकाळी चेहरा नुसत्या पाण्याने धुतला तरी चालेल. संध्याकाळी शाळेतून आल्यावर एकदा सौम्य वडीने धुवा. आपला नेहमीचा साबण अल्कधर्मी असतो, त्याचा पीएच ९-१० च्या घरात. कातडीला हवा साधारण ५.५, आणि तसं लिहिलेल्या बिनसाबणाच्या वड्या मेडिकलमध्ये मिळतात. मग ओलसर चेहऱ्यावर मॉइश्चरायझर. ‘मुरूम आहेत, वर आणखी क्रीम कशाला’ असं मनात येईल. पण ‘नॉन-कॉमेडोजेनिक’ लिहिलेलं हलकं मॉइश्चरायझर रंध्रं बंद करत नाही, आणि ते नसेल तर पुढचं औषध तुम्हाला सोसणारच नाही.

औषध म्हणजे अ‍ॅडापलीन ०.१ टक्के जेल. डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्या. रात्री, मटारच्या दाण्याएवढं, आणि एकेका पुटकुळीवर टिपके देऊन नव्हे तर हनुवटी-जबडा सगळीकडे पातळ. पहिले तीन आठवडे एक दिवसाआड, आधी मॉइश्चरायझर आणि वर जेल. सुरुवातीला थोडी साल निघेल, थोडं चुरचुरेल. अशा वेळी बहुतेक जणी तिसऱ्या आठवड्यात ट्यूब फेकून देतात आणि मला येऊन सांगतात, ‘डॉक्टर, सूट झालं नाही.’ आठ ते बारा आठवडे द्या. ज्यांना हे अजिबात सोसत नाही त्यांना मी अ‍ॅझेलिक अ‍ॅसिड देते; ते जरा सावकाश काम करतं, पण मागे राहिलेले काळे डागही त्याने फिके होतात. बेन्झॉइल पेरॉक्साइड कुणी लिहून दिलं तर २.५ टक्केच पुरे, आणि उशीचा अभ्रा पांढरा घाला, कारण ते कापडाचा रंग उडवतं. माझ्या एका पेशंटच्या नव्या पैठणीच्या काठावर त्याचे ठिपके उठले होते, ती साडी मी अजून विसरले नाही.

एवढं करूनही तीन महिन्यांत फरक पडला नाही तर स्पायरोनोलॅक्टोन नावाची गोळी असते. मूळची रक्तदाब आणि अंगावरची सूज उतरवायची, पण ती पुरुषी हार्मोनला तेलग्रंथीपाशी अडवते, म्हणून जबड्यावरच्या मुरमांना छान लागू पडते. ती घेताना रक्तातलं पोटॅशियम तपासावं लागतं. तुम्हाला बीपीसाठी टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिल चालू असेल तर ते त्वचेच्या डॉक्टरांना सांगितल्याशिवाय ही गोळी सुरू करू नका, कारण दोन्ही पोटॅशियम वाढवतात. आणि रोज शहाळं पिण्याची सवय असेल तर तेही सांगा.

एक गोष्ट मी मुद्दाम लिहिते, कारण समोर बसून कुणी विचारत नाही. पाळी अनियमित झाली म्हणजे दिवस राहणार नाहीत असं नाही. पन्नाशीच्या आत शेवटची पाळी येऊन दोन वर्षं आणि पन्नाशीनंतर एक वर्ष पूर्ण होईपर्यंत काळजी घ्यावी लागते. आणि वरच्या औषधांपैकी अ‍ॅडापलीन आणि स्पायरोनोलॅक्टोन गरोदरपणात चालत नाहीत.

प्रश्न : वय ५२. पाळी जाऊन तीन वर्षं झाली. गालांवर वांग होता. शेजारणीने सांगितलेली ट्यूब मेडिकलमधून आणली. महिन्याभरात चेहरा इतका उजळला की भावकीतल्या लग्नात सगळ्यांनी विचारलं. आता लावून दीड वर्ष झालं. दोन दिवस लावली नाही तर चेहऱ्याची आग होते, लाल पुरळ येतं. गालावर लव वाढली आहे. चुलीपुढे बसवत नाही, उन्हात जाववत नाही. वांग पहिल्यापेक्षा काळा झाला. ट्यूबचं खोकं पत्रासोबत पाठवत आहे. – एक गृहिणी, गडहिंग्लज तालुका

उत्तर : खोकं पाठवलंत ते फार बरं केलंत. त्यावर बारीक अक्षरांत तीन औषधांची नावं आहेत : हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन. पहिलं रंग फिका करतं, दुसरं साल काढतं, आणि तिसरं स्टेरॉइड आहे. पहिल्या महिन्यात दिसलेली चमक मुख्यतः त्या तिसऱ्याची. हे मिश्रण वाईट नाही. मीसुद्धा वांगासाठी लिहून देते, पण मोजक्या आठवड्यांसाठी, आणि पुन्हा दाखवायला बोलावून. दीड वर्ष म्हणजे चेहऱ्याला त्याचं व्यसन लागणं. लावलं की शांत, सोडलं की आग.

तुमचा चेहरा मी पाहिलेला नाही, पण असे चेहरे आठवड्याला दोन-तीन तरी पाहते. भिंग धरलं की कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी दिसते, आणि तिच्याखाली तांबडे धागे पसरावेत तशा बारीक रक्तवाहिन्या. गालावर लव, मध्ये मध्ये एकसारख्या दिसणाऱ्या बारीक लाल पुटकुळ्या. तुमच्या वयात हे जास्त जोरात होतं, कारण इस्ट्रोजेन उतरल्यामुळे कातडी आधीच पातळ झालेली असते आणि स्टेरॉइड ती आणखी झिजवतं. त्यात अंगातून गरम वाफा येत असतील तर प्रत्येक वाफेला चेहरा पेटल्यासारखा होतो.

यात तुमचा दोष नाही. त्वचेला लावायच्या स्टेरॉइडच्या बऱ्याच मलमांना डॉक्टरांची चिठ्ठी लागेल, असा बदल केंद्र सरकारने २०१८ साली नियमांत केला. त्यासाठी देशभरातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी बरीच वर्षं पाठपुरावा केला होता. तरी आजही ती काउंटरवर मागितली की मिळतात. याचा मला मनापासून राग येतो, कारण किंमत तुमच्यासारखीने मोजायची.

आता सुटका. ती ट्यूब बंद करावी लागेल, पण एकटीने करू नका. गडहिंग्लजहून कोल्हापूर फार लांब नाही. त्वचारोगतज्ज्ञांकडे एकदा जा, खोकं सोबत न्या. ट्यूब सोडल्यावर पहिले दोन-तीन आठवडे कठीण जातात. चेहरा लाल होईल, सुजेल, पुरळ येईल, आणि घरातलेच म्हणतील, ‘अगं, लावत होतीस तेच बरं होतं.’ त्या वेळी पुन्हा ट्यूबकडे हात जाऊ द्यायचा नाही. या काळात डॉक्टर टॅक्रोलिमस नावाचं मलम देतात. त्यात स्टेरॉइड नसतं आणि आग शमते. पुरळ जास्त असेल तर डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या काही आठवडे. तुमच्याकडून एवढंच : साबण नाही, उटणं नाही, फेशियल नाही, वाफ नाही. गार पाण्यात भिजवून पिळलेलं मऊ सुती फडकं दिवसातून तीन-चार वेळा पाच मिनिटं, आणि वरून साधं, बिनवासाचं मॉइश्चरायझर. पूर्ण शांत व्हायला काही महिने लागतात. लागू द्या.

वांगाचं आत्ता काही करू नका. आधी कातडी सावरू दे. पाळी गेल्यावर तो बऱ्याच जणींचा आपोआपही थोडा निवळतो. पुढे सनस्क्रीन लागेल, आणि तेही मातकट रंगाचं, म्हणजे आयर्न ऑक्साइड असलेलं. वांगाला अतिनील किरणांइतकाच डोळ्यांना दिसणारा उजेडही वाढवतो, आणि पांढऱ्या सनस्क्रीनने तो पुरेसा अडत नाही. तर्जनी आणि मधलं बोट, या दोन बोटांच्या लांबीभर सनस्क्रीन चेहऱ्याला आणि मानेला मिळून घ्यायचं. बहुतेक जणी याच्या चौथाई घेतात.

या निमित्ताने सगळ्यांना सांगते : तुमच्या ट्यूबवर निदान नावं तरी छापलेली होती. ज्या डबीवर काहीच छापलेलं नसतं तिची मला जास्त भीती वाटते. काही वर्षांपूर्वी अकोल्यात एका तरुणीने ब्यूटिशियनकडून गोरं होण्याचं क्रीम घेतलं, घरात आई आणि बहीणही तेच लावू लागल्या, आणि तिघींच्या मूत्रपिंडांना इजा झाली. क्रीममध्ये पारा सापडला. पारा कातडीतून रक्तात जातो. लावणारीला महिनोन् महिने फक्त उजळ चेहरा दिसतो.

प्रश्न : हनुवटीवर सात-आठ काळे, राठ केस येतात. चिमट्याने उपटते. रेझर लावला तर दाट येतील म्हणून भीती वाटते. – वय ५५, पुणे

उत्तर : रेझरने केस दाट होत नाहीत. कापलेल्या केसाचं टोक बोथट असतं म्हणून हाताला राठ लागतं, एवढंच. रेझर, कात्री, थ्रेडिंग, जे सोयीचं ते करा. उपटून पुटकुळ्या येत असतील तर कापणं बरं. लेसर करायचं मनात असेल तर केस काळे आहेत तोवर करा, पांढऱ्या केसाला लेसर ओळखत नाही.

सात-आठ केस सावकाश, वर्षानुवर्षांत आले असतील तर ते वयाचंच. पण काही महिन्यांत दाढीसारखे झपाट्याने वाढले, आवाज घोगरा झाला, टाळू पुरुषांसारखी विरळ होऊ लागली, तर टेस्टोस्टेरॉनची तपासणी लगेच करून घ्या. अंडाशयाची किंवा मूत्रपिंडावरच्या ग्रंथीची गाठ क्वचितच असते, पण ती वेळेत सापडायला हवी.

प्रश्न : पत्नीचं वय ५०. रात्री तिला अंगावर मुंग्या चालल्यासारखं वाटतं, ती खाजवत राहते. दिवा लावून बघितलं तर काहीच नसतं. आमचे एक नातेवाईक म्हणतात, मनाचे खेळ आहेत. झोप दोघांचीही होत नाही. – वाचक, नाशिक

उत्तर : तुम्ही दिवा लावून बघितलंत आणि पत्र लिहिलंत, याचं मला बरं वाटलं. मनाचे खेळ नाहीत. पाळी जाण्याच्या काळात अंगावर मुंग्या चालल्याचा भास होणं हे ओळखीचं लक्षण आहे. कोरड्या पडलेल्या त्वचेची खाज त्यात मिसळते आणि रात्री, बाकी काही ऐकू येत नसताना, ती मोठी वाटते.

तरी दोन गोष्टी तपासा. घरात आणखी कुणाला खाज आहे का? बोटांच्या बेचक्यांत, कमरेशी पुरळ आहे का? तसं असेल तर ती खरूज, तिचा इलाज वेगळा. आणि एकदा थायरॉइड, हिमोग्लोबिन, साखर, यकृत-मूत्रपिंडाच्या तपासण्या करून घ्या. या सगळ्यांतही अंगाला खाज सुटते.

बाकी आंघोळीत दुरुस्ती करा. नाशिकची थंडी आणि गिझरचं कढत पाणी, वर वजरीने घासणं, ही कातडीला शिक्षा आहे. पाणी कोमट, पाच-दहा मिनिटं पुरे. साबण फक्त काखेत, जांघेत, तळपायांना. हातापायांना रोज नको. अंग टिपून घ्यायचं, खसाखसा पुसायचं नाही, आणि ओलसर असतानाच तीन मिनिटांच्या आत मॉइश्चरायझर. खोबरेल तेलही अंगाला उत्तम. (चेहऱ्याला मात्र नको; आणि रात्रभर डोक्याला तेल थापून झोपणाऱ्या ज्या तीन वाचकांनी कपाळावरच्या बारीक पुळ्यांबद्दल विचारलंय, त्यांना उत्तर हेच : तेल धुण्याआधी तासभर लावा, आणि कपाळावर ओघळू देऊ नका.) पाठीला तिचा हात पोचत नसेल तर तुम्ही लावून द्या.

प्रश्न : नाव-गाव छापू नका. वय ५८. खालच्या जागी दोन वर्षांपासून खाज आहे, कातडी पांढरी पडली आहे. बुरशीची तीन मलमं झाली. डॉक्टरांना दाखवायची लाज वाटते.

उत्तर : न दाखवता मलमं बदलत राहिलात तर आणखी दोन वर्षं जातील, म्हणून आर्जवाने सांगते, या महिन्यात दाखवा. स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा त्वचारोगतज्ज्ञ, बाई डॉक्टर हव्यात असं निःसंकोच सांगा. पाळी गेल्यावर तिथली त्वचा पातळ आणि कोरडी होते. नुसतं तेवढंच असेल तर तिथे लावायच्या इस्ट्रोजेन क्रीमने छान आराम पडतो. पण खाज आणि पांढरेपणा एकत्र असेल तर लायकेन स्क्लेरोसस नावाचा आजार असू शकतो. तो संसर्ग नाही, कुणाकडून लागलेला नाही, अस्वच्छतेमुळे झालेला नाही. त्यावर उपाय न केल्यास कातडी आकसत जाते आणि थोड्या जणींमध्ये पुढे कर्करोगाचा धोका असतो, म्हणून वर्षातून एकदा तपासणी लागते.

एक खुलासा करते, कारण वरचं गडहिंग्लजचं उत्तर वाचून तुम्ही घाबराल. या आजारावर पहिलं औषध क्लोबेटासोल, म्हणजे तीव्र स्टेरॉइडचंच मलम. चेहऱ्यावर जे घातक, ते इथे योग्य प्रमाणात, तपासून दिलेलं, हवंच असतं. डॉक्टरांनी दिलं तर न भिता लावा.

प्रश्न : मी बारावीला आहे. आईचं वय ३९. आईबाबा ऊसतोडीला जातात. पाच वर्षांपूर्वी आईची पिशवी काढली. तेव्हापासून तिची कातडी सुकत चालली आहे, हातापायांना भेगा पडतात, हनुवटीवर पुटकुळ्या येतात, रात्री घामाघूम होऊन उठते, गुडघे दुखतात. लोक तिला माझी आजी समजतात. तिला चेहऱ्याला काय लावू? – एक मुलगी, बीड जिल्हा

उत्तर : बाळ, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. चेहऱ्याला काय लावायचं ते सांगते, पण आधी घरात एक कागद शोध.

पिशवी म्हणजे गर्भाशय. इस्ट्रोजेन तयार होतं ते शेजारच्या दोन अंडाशयांत. ऑपरेशनमध्ये नुसती पिशवी काढली की अंडाशयंही काढली, यावर पुढचं सगळं ठरतं. दोन्ही काढली असतील तर जी पाळी ४६-४७व्या वर्षी हळूहळू जायची ती तुझ्या आईची चौतिसाव्या वर्षी एका दुपारीत गेली. शरीराला सावरायला वेळच मिळाला नाही. अंडाशयं ठेवली असतील तरी ती कधीकधी काही वर्षं आधी थकतात, आणि पिशवी नसल्यामुळे पाळीवरून ते कळत नाही. तू लिहिलेलं सगळं, रात्रीचा घाम, गुडघे, कातडी, पुटकुळ्या, एकाच दोरीत ओवलेलं आहे.

तुझी आई यात एकटी नाही. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ८० हजारांहून अधिक ऊसतोड बायकांची सरकारी पाहणी झाली, तेव्हा १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. अनेक जणी तुझ्या आईसारख्याच तरुण. पाळीच्या दिवसांत फडात खाडा परवडत नाही, अंगावरून जातं म्हणून दवाखान्यात जावं, तर तिथे कॅन्सरची भीती घालायची. हे मी ओपीडीत त्या बायकांच्याच तोंडून ऐकलं आहे.

तर तो कागद : दवाखान्यातून घरी सोडताना दिलेलं डिस्चार्ज कार्ड. ट्रंकेत, रेशनकार्डाच्या पिशवीत, कुठेतरी असेल. त्यावर ऑपरेशनचं नाव इंग्रजी मोठ्या अक्षरांत असतं. नुसतं ‘टी.ए.एच.’ असेल तर पिशवीच काढली आहे. पुढे ‘बी.एस.ओ.’ ही अक्षरं असतील तर दोन्ही अंडाशयंही काढली आहेत. कार्ड सापडलं नाही तर सोनोग्राफी आणि एफएसएच नावाच्या रक्ततपासणीवरून अंदाज येतो.

ते घेऊन आईला सरकारी रुग्णालयात स्त्रीरोग विभागात ने. अंबाजोगाईला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे त्वचारोग विभागही आहे. डॉक्टरांना स्पष्ट विचार, ‘आईला हार्मोनची गोळी देता येईल का?’ इतक्या लवकर पाळी गेलेल्या बाईला, पाळी जायच्या नेहमीच्या वयापर्यंत ती द्यावी असाच सल्ला असतो. सुरकुत्यांसाठी नव्हे, हाडं आणि हृदय राखण्यासाठी. कातडीला त्याचा फायदा आपोआप होतो. पिशवी नसल्यामुळे तिला नुसतं इस्ट्रोजेन पुरतं. स्तनाचा कर्करोग किंवा पायात रक्ताच्या गुठळ्या झाल्या असतील तर मात्र हा उपाय नसतो, म्हणून डॉक्टर ते विचारतील. हाडांची घनता, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व यांबद्दलही तूच विचार. आई विचारणार नाही.

तोवर कातडीसाठी, महाग काही नको. मेडिकलमधली साधी पांढरी पेट्रोलियम जेली. रात्री हातपाय धुतल्यावर ओलसर असतानाच भेगांवर, हातांवर लावायची आणि पायात जुने सुती मोजे. चेहऱ्याला साबण बंद, कोमट पाणी आणि साधं मॉइश्चरायझर. हनुवटीच्या पुटकुळ्यांना आत्ता काही लावू नकोस, दाखवायला जाशील तेव्हा डॉक्टर देतील. फडात जाताना ती तोंडाला स्कार्फ बांधतच असेल. तो सुती, दाट विणीचा असू दे, आणि नाक-गाल दोन्ही झाकू दे. उसाच्या पाचटाने चेहरा कापतो त्यालाही तो अडेल.

हंगाम संपून आईबाबा गावी आले की लगेच जा, पुढच्या हंगामावर टाकू नका. आणि कार्ड सापडलं की त्यावरची अक्षरं जशीच्या तशी उतरवून मला पाठव. संपादकांना मी सांगून ठेवलं आहे, तुझं पत्र आलं की अंकाची वाट न बघता माझ्याकडे द्या म्हणून.